प्रो रेसलिंगचा एक महिना मागे वळून कसा पाहावा: नव्या चाहत्यांसाठी

प्रो रेसलिंग नव्याने पाहायला लागलं की पहिला प्रश्न पडतो, किती पाहायचं? तीन-चार संघटनांचे दर आठवड्याचे कार्यक्रम, प्रत्येक दोन-तीन तासांचा, आणि वर महिन्याला एखाददुसरा मोठा शो. सगळं पाहणं कुणालाच जमत नाही, आणि तशी गरजही नाही. त्यापेक्षा महिना संपला की एक निवांत संध्याकाळ काढा आणि त्या महिन्याचा आढावा स्वतःच्या शब्दांत लिहा. काय घडलं, का घडलं, त्यातलं काय लक्षात राहणार. दोन-तीन महिने हे केलंत की पाहण्याची नजरच बदलते.

हे कसं करायचं ते दाखवायला मी एप्रिल २०२४ घेतो. इतका भरगच्च महिना अलीकडे मी दुसरा पाहिलेला नाही, आणि शिकण्यासारखं जवळजवळ सगळं त्यात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती प्रत्येक नव्या चाहत्याला कुणीतरी ऐकवतंच: "अरे, हे सगळं आधी ठरलेलं असतं." हो, असतं. कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. पण ते जिंकणं हजारो लोकांना पटेल, त्यांना खुर्चीवरून उठायला लावेल, हे मात्र रिंगमध्येच घडवावं लागतं, आणि तेही शरीर पणाला लावून. आपण आढावा घेणार आहोत तो त्या घडवण्याचा.

पायरी १: आधी महिन्याचं कॅलेंडर मांडा

कागदावर महिना आखून घ्या आणि मोठे शो त्यात टाका. एप्रिल २०२४ असा दिसेल. ६ आणि ७ तारखेला फिलाडेल्फियाच्या लिंकन फायनान्शियल फील्डवर डब्ल्यूडब्ल्यूई या सर्वांत मोठ्या अमेरिकी संघटनेचा वर्षातला सर्वांत मोठा शो, रेसलमेनिया ४०, दोन रात्री. ६ तारखेलाच त्याच शहरात एनएक्सटीचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्याच नवोदितांच्या शाखेचा, 'स्टँड अँड डिलिव्हर', आणि तिकडे टोकियोच्या र्‍योगोकू कोकुगिकानमध्ये न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी संघटनेचा 'साकुरा जेनेसिस'. १२ तारखेला न्यू जपानचाच शिकागोमधला 'विंडी सिटी रायट'. २१ तारखेला सेंट लुइसला एईडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकी संघटनेचा 'डायनॅस्टी'.

आता साप्ताहिक कार्यक्रम. तेव्हा सोमवारी रॉ, मंगळवारी एनएक्सटी, बुधवारी डायनामाइट, शुक्रवारी स्मॅकडाउन, शनिवारी कोलिजन असा आठवडा असायचा (डायनामाइट आणि कोलिजन एईडब्ल्यूचे, बाकीचे डब्ल्यूडब्ल्यूईचे). हे सगळे भाग अथपासून इतिपर्यंत पाहू नका. युट्यूबवर येणाऱ्या तीन-चार मिनिटांच्या क्लिप पुरतात. फक्त दोन भाग पूर्ण पाहा: मोठ्या शोच्या आधीचा शेवटचा आणि शोनंतरचा पहिला. आधीच्या भागात पणाला काय लागलंय ते कळतं, नंतरच्या भागात घडल्या गोष्टीची किंमत कुणी मोजली ते कळतं. रेसलमेनियानंतरचा ८ एप्रिलचा रॉ तर चुकवूच नये असा होता. त्या एका रात्रीत पुढच्या कित्येक महिन्यांचं बी पेरलं गेलं.

पायरी २: पाहताना चार ओळींची नोंद ठेवा

लांबलचक काही लिहायचं नाही. कोण विरुद्ध कोण, पणाला काय, शेवट कसा झाला, आणि काय बदललं. माझी एक नोंद अशी आहे:

"६ एप्रिल. सॅमी झेन वि. गुंथर. इंटरकॉन्टिनेंटल किताब. सॅमीने पिन केलं, बाहेरून कुणाची मदत नाही. गुंथरचे ६६६ दिवस संपले."

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ शेवट कसा झाला ही. नवा चाहता बहुतेक वेळा तीच गाळतो. कुणी मध्ये न पडता सरळ पिनने (खांदे टेकवून रेफ्रीने तीन मोजेपर्यंत दाबून धरणं) किंवा सबमिशनने (समोरच्याने हार मानणं) मॅच संपली असेल, तर संघटना सांगतेय की हा जिंकणारा माणूस आज खरोखर वरचढ आहे. बाहेरून कुणी धावत आलं, रेफ्रीची नजर चुकवून काही झालं, काउंटआउट (मोजणी संपेपर्यंत रिंगबाहेर राहणं) किंवा डिसक्वालिफिकेशन (नियम मोडून बाद होणं) झालं, तर गोष्ट अजून संपलेली नाही. हरणाऱ्याला तक्रार करायला जागा ठेवलेली आहे. गुंथरकडे तशी जागाच उरली नाही. जून २०२२ मध्ये रिकोशेला हरवून त्याने हा किताब घेतला, आणि हाँकी टाँक मॅनचा ४५४ दिवसांचा जुना विक्रम केव्हाच मागे टाकला. इतक्या लांबलेल्या राजवटीचा शेवट कुणाच्या लबाडीने झाला असता तर सॅमीचं मोठेपण तिथल्या तिथे अर्धं झालं असतं.

पायरी ३: धागा मागे ओढत न्या

आढाव्यातलं खरं काम इथे आहे, म्हणून इथे जास्त वेळ घालवा. क्षण कितीही देखणा असो, त्याचं वजन त्याच्या आधीच्या महिन्यांवर, कधीकधी वर्षांवर ठरतं. म्हणून प्रत्येक मोठ्या क्षणासमोर एकच प्रश्न लिहा: हे कुठून सुरू झालं?

७ एप्रिलच्या रात्री कोडी रोड्सने रोमन रेन्सला हरवलं. नुसता निकाल वाचला तर एक चॅम्पियन गेला, दुसरा आला. आता मागे जा. रेन्सने युनिव्हर्सल किताब ३० ऑगस्ट २०२० ला घेतला होता, म्हणजे तो १,३१६ दिवस चॅम्पियन होता. कोडी हा डस्टी रोड्सचा मुलगा. डस्टी लोकांचा इतका लाडका, पण या संघटनेचा सर्वोच्च किताब त्याच्या वाट्याला कधी आला नाही. कोडीने २०१६ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडली, एईडब्ल्यू उभी करणाऱ्यांत तो होता, आणि एप्रिल २०२२ मध्ये रेसलमेनियालाच तो परतला. त्याच वर्षी छातीचा स्नायू फाटलेला असताना, अर्धी छाती काळीनिळी पडलेली असताना, तो सेथ रॉलिन्सशी लढला. २०२३ चा रॉयल रंबल (तीस जणांची मॅच, जिंकणाऱ्याला रेसलमेनियात किताबाची संधी) जिंकून रेन्ससमोर गेला आणि रेन्सच्या टोळीतल्या सोलो सिकोआने मध्ये पडून त्याचा घास हिरावला. २०२४ चा रंबल पुन्हा जिंकला, तर फेब्रुवारीत त्याची जागा द रॉकला जाणार अशी चिन्हं दिसली. तेव्हा चाहते असे भडकले, "वुई वॉन्ट कोडी"चा असा धोशा लावला, की कथेलाच वळण घ्यावं लागलं.

हे सगळं कागदावर उभं मांडलं की ७ एप्रिलची मॅच वेगळीच दिसते. आदल्या रात्री रॉक आणि रेन्सने कोडी-रॉलिन्सला हरवलं होतं, त्यामुळे रविवारच्या मॅचला नियमच नव्हते. रेन्सच्या बाजूने जिमी उसो आला, त्याच्याच जुळ्या भावाने, जे उसोने, त्याला रॅम्पवर आडवा केला. सोलो आला, जॉन सीना आला, रॉक आला, अंधार झाला आणि अंडरटेकरने रॉकला चोकस्लॅम दिला. पहिल्यांदा पाहताना हा सगळा गोंधळच वाटतो. पण त्या गोंधळात एक छोटी जागा आहे, ती नीट पाहा.

सेथ रॉलिन्स रिंगजवळ आला तो शील्डच्या, म्हणजे त्याच्या आणि रेन्सच्या एकेकाळच्या गटाच्या, जुन्या पोशाखात. रेन्सने त्याला पाडला. मग रेन्सच्या हातात स्टीलची खुर्ची. एका बाजूला कोडी, दुसऱ्या बाजूला सेथ. खुर्ची कोडीला घातली असती तर कदाचित किताब वाचला असता. रेन्स थांबतो, बघतो, आणि खुर्ची सेथच्या पाठीत घालतो. का? कारण २ जून २०१४ च्या रॉमध्ये याच सेथने याच रेन्सच्या पाठीत खुर्ची घालून शील्ड फोडली होती. जवळजवळ दहा वर्षं मनात ठेवलेला हिशेब रेन्सने त्या एका क्षणात चुकता केला, आणि तेवढ्या उसंतीत कोडी उठला. लागोपाठ तीन क्रॉस रोड्स (कोडीचा ठेवणीतला डाव), आणि १, २, ३.

समालोचकांनी काही सांगितलं नाही तरी हे दिसतं, पण २०१४ माहीत असेल तरच. म्हणून नव्या चाहत्याने महिन्यातला किमान एक क्षण असा निवडावा आणि त्याचा उगम सापडेपर्यंत मागे जावं. जुन्या क्लिप सहज मिळतात. एका क्षणासाठी दोन तास गेले तरी हरकत नाही. ते दोन तास पुढची कित्येक वर्षं उपयोगी पडतात.

बेलीचंही तसंच. त्याच रात्री तिने इयो स्कायला हरवून किताब घेतला. 'डॅमेज कंट्रोल' हा गट २०२२ मध्ये बेलीनेच जमवलेला. इयोसकट त्याच गटातल्या मुली तिच्यासमोर जपानीत तिचीच टिंगल करू लागल्या, आणि फेब्रुवारीत बेलीने सांगून टाकलं की आपल्याला सगळं कळत होतं. हा धागा छोटा आहे, दोन क्लिपमध्ये हाताला लागतो. सुरुवात करायला उत्तम.

पायरी ४: आवडलेली मॅच दुसऱ्यांदा पाहा, पण वेगळ्या डोळ्यांनी

पहिल्यांदा आपण जिंकणाऱ्याकडे पाहतो. दुसऱ्यांदा फक्त हरणाऱ्याकडे पाहा.

सॅमी-गुंथर मॅच यासाठी घ्या. मॅचचा बराचसा भाग गुंथर सॅमीला अक्षरशः तुडवतो. त्याच्या छातीवरच्या चापटा, ज्यांना चॉप म्हणतात, त्यांचा आवाजच पुरेसा असतो. सॅमीची पत्नी रिंगजवळ बसलेली. गुंथर सॅमीला पॉवरबॉम्ब घालतो, म्हणजे उचलून पाठीवर आपटतो, आणि पिन करून मोकळं व्हायचं सोडून तिच्याकडे वळून तिला हिणवत राहतो. आता गुंथरचा चेहरा पाहा. समोरचा संपलाच आहे अशी त्याची खात्री आहे. मॅच तिथेच फिरते. पुढे सॅमी टर्नबकलवर, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यावर, उचलून आपटण्याचा ब्रेनबस्टर मारतो आणि हेलुव्हा किक या आपल्या खास लाथेने मॅच संपवतो, पण दार उघडलं ते गुंथरच्या गर्वाने. हरणाऱ्याकडे पाहिलं नाही तर हे निसटतं, आणि मग सॅमी एकदम कसा काय उठला असं वाटत राहतं.

मार बसल्याचं दाखवणं, म्हणजे सेल करणं, ही या कलेतली सर्वांत अवघड गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे. उड्या लक्षात राहतात, पण पाय लंगडतोय हे दहा मिनिटांनंतरही न विसरणारा रेसलर मॅच खरी करतो.

मग एकदा आवाज बंद करून पाहा. समालोचन गेलं की कळतं मॅच स्वतःच्या पायावर किती उभी आहे. आणि एकदा उलटं करा, चित्राकडे पाठ फिरवून फक्त प्रेक्षकांचा आवाज ऐका. तो कुठे चढतो, कुठे पडतो, कुठे दोन गट होतात. प्रेक्षक हा प्रत्येक मॅचमधला तिसरा खेळाडू असतो.

डायनॅस्टीतली विल ऑस्प्रे वि. ब्रायन डॅनियलसन ही मॅच आवाज बंद करून पाहायला सर्वांत चांगली. इथे जुनं वैर नाही, सूड नाही. दोघांपैकी श्रेष्ठ कोण एवढाच प्रश्न, आणि तो अर्धा तास नुसत्या डावपेचांनी सोडवलेला. पण इथेही एक जुनी गोष्ट खाली वाहते आहे. डॅनियलसनने २०१६ मध्ये डोक्याच्या वारंवारच्या दुखापतींमुळे निवृत्ती घेतली होती आणि २०१८ मध्ये तो परतला. ऑस्प्रे शेवटाकडे टायगर ड्रायव्हर ९१ हा डाव लावतो, जो मानेवर आदळतो. त्यानंतर त्याच्या चेहऱ्यावरची काळजी पाहा. पुढचे कित्येक महिने तो हा डाव लावायला कचरत राहिला, आणि तेच त्याच्या कथेचं सूत्र बनलं.

पायरी ५: खरी दुखापत आणि रचलेली गोष्ट वेगळी नोंदवा

वहीत यासाठी वेगळा समास सोडा. ८ एप्रिलच्या रॉमध्ये लिव्ह मॉर्गनने रिया रिप्लीवर मागून हल्ला केला. १५ एप्रिलला रियाने दुखापतीमुळे किताब सोडला. २२ एप्रिलला बॅटल रॉयल (अनेक जणी एकाच वेळी रिंगमध्ये, शेवटी उरेल ती विजयी) झालं आणि बेकी लिंच नवी चॅम्पियन झाली. हल्ला कथेतला, पण दुखापत खरी. रिया आदल्याच आठवड्यात रेसलमेनियात बेकीला हरवून उभी होती. एका हाताच्या दुखण्याने महिलांच्या विभागाचं पुढचं सगळं गणित बदललं.

अशा वेळी कथेत अचानक उडी दिसली तर लगेच लेखकांना दोष देऊ नका. आधी विचारा, कुणी जखमी आहे का? महिन्याच्या शेवटी हा समास वाचलात तर अर्ध्याहून अधिक प्रश्न आपोआप सुटतात.

पायरी ६: पाच क्षण निवडा, आणि प्रत्येकासमोर कारण लिहा

दहा नको. दहा निवडायचे म्हटले की माणूस निवडतच नाही, जे आठवेल ते भरतो. पाचात कुणाला तरी गाळावं लागतं आणि गाळताना आपल्याला नेमकं काय आवडतं ते समजतं. पाचही एकाच संघटनेचे नसावेत एवढा एक नियम मात्र पाळा.

माझे एप्रिल २०२४ चे पाच हे. पहिला रेन्सची खुर्ची, कारण वर सांगितलंच. दुसरा सॅमीचा विजय.

तिसरा ड्रू मॅकइंटायर. याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण याद्यांमध्ये हा बहुतेक वेळा गंमत म्हणून येतो आणि माझ्या लेखी तो शोकांतिका आहे. मॅकइंटायरने २०२० मध्ये रेसलमेनियातच सर्वोच्च किताब जिंकला होता, पण ते महामारीचे दिवस. समोर एकही प्रेक्षक नव्हता. चार वर्षं तो त्याच एका गोष्टीची वाट पाहत होता. ७ एप्रिलला त्याने सेथ रॉलिन्सला हरवलं, भरलेल्या स्टेडियमसमोर. आणि मग त्याला राहवलं नाही. समालोचकांच्या टेबलापाशी बसलेल्या सीएम पंकला तो चिडवायला गेला. हाताला दुखापत झालेला पंक उठला आणि त्याने हातावरच्या ब्रेसनेच त्याला बडवला. तेवढ्यात डेमियन प्रीस्ट मनी इन द बँकची ब्रीफकेस, म्हणजे हवं तेव्हा किताबाची मॅच मागण्याचा हक्क, घेऊन आला. ५ मिनिटं ४६ सेकंद, एवढाच वेळ मॅकइंटायर चॅम्पियन होता. चार वर्षांची वाट आणि स्वतःच्याच जिभेने घालवलेला विजय. लेखन म्हणून याहून नेटकं त्या महिन्यात काही नव्हतं, कोडीच्या मॅचसकट.

चौथा २१ एप्रिलचा, स्वर्व्ह स्ट्रिकलंडने समोआ जोला हरवून एईडब्ल्यूचा जागतिक किताब घेतला तो. हा किताब जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय रेसलर. मार्चमध्ये 'रिव्होल्यूशन'ला त्याच किताबासाठी तो हरला होता, म्हणून या वेळी प्रेक्षक आधीपासूनच उभे होते.

पाचवा जॉन मॉक्सली, शिकागोत टेत्सुया नाइतोकडून न्यू जपानचा आयडब्ल्यूजीपी जागतिक हेवीवेट किताब घेताना. डब्ल्यूडब्ल्यूई, एईडब्ल्यू आणि न्यू जपान, तिन्हीकडचे सर्वोच्च किताब कधी ना कधी जिंकल्याची नोंद त्यामुळे त्याच्या नावावर झाली. मॅच म्हणून ऑस्प्रे-डॅनियलसन वरचढ होती, यात वाद नाही. पण मी क्षण निवडतोय, मॅच नव्हे. दोन्ही याद्या वेगळ्या ठेवायला हरकत नाही.

ताऱ्यांबद्दल दोन शब्द. डेव्ह मेल्ट्झर हे पत्रकार कित्येक वर्षं मॅचना पाचपैकी तारे देत आले आहेत, आणि जानेवारी २०१७ च्या न्यू जपानमधल्या काझुचिका ओकाडा वि. केनी ओमेगा मॅचला त्यांनी सहा दिले, त्याच दोघांच्या जून २०१८ च्या मॅचला सात. हे आकडे चर्चेला चांगले, पण स्वतःची यादी लिहून झाल्याशिवाय ते पाहू नका. एकदा पाहिले की आपलं मत त्यांच्याकडे झुकतंच.

पायरी ७: उघडे राहिलेले धागे शेवटच्या पानावर

महिना संपला तरी कथा संपत नाही. रेन्स हरल्यावर दिसेनासा झाला आणि १२ एप्रिलच्या स्मॅकडाउनमध्ये सोलोने जिमी उसोला गटाबाहेर काढलं. टामा टोंगा नावाचा नवा माणूस आला. आता टोळीचा म्होरक्या कोण? सॅमीला गुंथरसाठी तयार करणाऱ्या चॅड गेबलने १५ एप्रिलला माँट्रियलमध्ये, सॅमीच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, त्याच्यावरच हात उचलला. शिकवणाऱ्याला शिष्याचं यश का बोचलं? लिव्ह मॉर्गनला रियाच्या जागी बेकी मिळाली, मग रियावर उगवायच्या तिच्या सूडाचं काय? ४ मे रोजी ल्यॉनला 'बॅकलॅश'मध्ये कोडीसमोर एजे स्टाइल्स आणि प्रीस्टसमोर जे उसो.

प्रत्येक धाग्याला एक प्रश्न, एवढंच लिहा, आणि शक्यतो स्वतःचा अंदाजही. पुढच्या महिन्याचा आढावा घेताना हेच पान आधी उघडायचं आणि कोणता प्रश्न सुटला, कोणता विसरला गेला यावर खूण करायची. विसरल्या गेलेल्या प्रश्नांकडे विशेष लक्ष द्या. चांगल्या लेखनात ते सहा महिन्यांनी, कधी दहा वर्षांनीही परत येतात.